आमची कोठेही शाखा नाही

मराठी माणसाच्या धंद्याबद्दल एक सिद्धान्त सर्वमान्य आहे. आजोबांनी दुकान काढायचं, वडिलांनी ते चालवायचं आणि नातवाने त्या जागेला आज काय भाव आला आहे याची चौकशी करायची. चौथी पिढी दुकानाच्या आठवणी सांगते. तीही पाहुणे आले तरच. अशा परिस्थितीत एकच व्यवसाय एकाच घराण्यात सलग एकवीस पिढ्या चालू आहे असं मी म्हटलं, तर तुम्ही माझ्याकडे संशयाने पाहाल. पण असं दुकान आहे. स्थापना १५३६. माल एकच, न्याय. दुपारी एक ते चार बंद नाही. उधारी तर अजिबात नाही. जे काही द्यायचं ते जागच्या जागी, आणि बहुधा जबड्यावर. पत्ता : घनदाट जंगल, कवटीच्या आकाराची गुहा. आमची कोठेही शाखा नाही.

मालकाचं नाव वेताळ. मूळ इंग्रजीत फँटम.

मी या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक आहे. गिऱ्हाइकाने मालाबद्दल बोलायचं असतं, त्याला समीक्षा वगैरे म्हणायचं नसतं हे मला ठाऊक आहे. पण ज्या गोष्टी माणूस अर्धं आयुष्य पुन्हापुन्हा वाचतो, त्यांच्याविषयी त्याला एकदा तरी गंभीरपणे बोलू द्यावं. कादंबरीवर लिहिणारे पुष्कळ आहेत. कविता तर वाचणाऱ्यांपेक्षा तिच्यावर लिहिणारेच जास्त. वेताळाच्या वाट्याला मात्र आईची 'ठेव ते पुस्तक आणि जेवायला ये' एवढीच समीक्षा आली. ती संक्षिप्त होती आणि नेमकी होती, पण पुरेशी नव्हती.

प्रथम दुकानाचा इतिहास. ली फॉक नावाच्या चोविशीतल्या अमेरिकन तरुणाने १७ फेब्रुवारी १९३६ रोजी वर्तमानपत्रातली चित्रमालिका म्हणून ही कथा सुरू केली. त्याआधी १९३४ साली त्याने मँड्रेक जादूगाराला जन्म दिलेला होताच. आपला सुपरमॅन, ज्याला लोक या जमातीचा मूळपुरुष समजतात, तो आला जून १९३८ मध्ये. म्हणजे अंगाला घट्ट बसणारे कपडे आणि तोंडावर मुखवटा असा पोशाख करून दुष्टांच्या मागे लागण्याची प्रथा वेताळाने दोन वर्षं अगोदर पाडली. मुखवट्यातून बुबुळं न दाखवता नुसते पांढरे डोळे दाखवायची युक्तीही त्याचीच. फॉकला ती म्हणे ग्रीक पुतळ्यांवरून सुचली. पुढच्या मुखवटेवाल्यांनी ती बिनदिक्कत उचलली. मूळ दुकानाशेजारी त्याच्याच पाटीची नक्कल करून नवं दुकान थाटायची रीत आपल्याकडचीच आहे असं समजायचं कारण नाही.

कथा अशी. सोळाव्या शतकात चाचे एक जहाज लुटतात, कप्तानाला मारतात. त्याचा मुलगा वाहत वाहत किनाऱ्याला लागतो. तिथे बांदार नावाचे ठेंगणे वनवासी त्याला उचलून नेतात, औषधपाणी करतात. बरा झाल्यावर तो बापाच्या खुन्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतो की, मी आणि माझे वंशज चाचेगिरीशी, लोभाशी, क्रौर्याशी आणि अन्यायाशी लढत राहू. बांदार त्या वेळी दुसऱ्या एका दांडग्या जमातीचे गुलाम असतात. त्या जमातीच्या दैवताची एक भीतिदायक मूर्ती असते. आपला तरुण त्या मूर्तीसारखे कपडे शिवून घेतो आणि थेट देवच अंगणात उभा राहिल्यासारखा त्यांच्यासमोर जातो. दांडग्यांची पळापळ होते, बांदार सुटतात.

आपल्या भाषेत सांगायचं तर त्याने देवाचं सोंग घेतलं. फक्त कोकणातला दशावतारी पहाटे नाटक संपलं की रंग पुसून चहा प्यायला जातो; याने ते सोंग उतरवलंच नाही. मेला तेव्हा मुलाने तोच वेष चढवला. त्याच्यानंतर त्याच्या मुलाने. जंगलातल्या लोकांना वाटतं की हा एकच माणूस चारशे वर्षं जिवंत आहे. चालणारं भूत! तोंड पाहिलं तर मरण येतं, अशी वर दहशत. प्रत्यक्षात गल्ल्यावरचा माणूस दर वीस-पंचवीस वर्षांनी बदलतो आहे आणि समोरचं गिऱ्हाईक 'काय काका, तब्येत छान ठेवलीत हो' असं म्हणतं आहे.

ही कल्पना मला अजूनही अचाट वाटते. बाकीच्या महावीरांना काही ना काही दैवी देणगी असते. कोणी परग्रहावरून येतो, कोणाला कोळी चावतो. आपल्याला कोळी चावला तर गांधी उठते आणि त्यावर कोकम लावावं लागतं. वेताळाजवळ काहीही नाही. गोळी लागली तर रक्त येतं, सुरा बसला तर जीव जातो. त्याचं सगळं भांडवल म्हणजे एक अफवा आणि ती खरी वाटावी म्हणून पिढ्यानपिढ्या केलेली मेहनत. हा महावीर नव्हे, ही गादी आहे. मठाची असते तशी.

हा माणूस आपल्याकडे आला तो 'इंद्रजाल कॉमिक्स'मधून. मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनी ही मालिका सुरू केली आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत ती काढली. पहिल्या अंकाची कथा वेताळाच्या पट्ट्याची होती : विसाव्या वेताळाला दगा देऊन मारणारा खुनी त्याचा पट्टा पळवतो आणि एकविसावा त्याचा माग काढतो. म्हणजे पहिल्याच अंकात बाप मेलेला आणि मुलगा गादीवर! दुकानाचं गुपित पहिल्याच दिवशी वाचकाच्या कानात सांगून टाकलेलं. जंगलाला जे चारशे वर्षांत कळलं नाही ते आम्हां चौथीतल्या पोरांना माहीत होतं. त्या काळात आम्हांला आमच्या घरातलंही कोणी काही सांगत नसे. त्यामुळे या विश्वासाचं मोल फार होतं.

संपादकांनी भारतीय वाचकांसाठी थोडी डागडुजीही केली. फॉकने सुरुवातीला ही कथा भूगोलाचा फारसा विचार न करता आशियाकडे कुठेतरी रचली होती. वेताळाच्या मुलखाचं नाव बंगालची आठवण करून देणारं, आणि चाच्यांच्या टोळीचं नाव चक्क सिंग! पुढे हा मुलूख हळूहळू सरकत आफ्रिकेत गेला. वाघ मात्र बरोबर घेऊन गेला. वेताळाच्या खासगी बेटावर वाघ-सिंह मासे खाऊन हरणांबरोबर गुण्यागोविंदाने नांदतात, हे आम्ही मान्य केलंच होतं. तिथे वाघ आफ्रिकेत कसे, ही चौकशी क्षुद्र होती. भारतीय आवृत्तीत बंगालशी नातं नको म्हणून मुलखाचं 'डेंकाली' झालं आणि सिंग चाच्यांचे 'सिंगा' झाले. एका वेलांटी-काना-मात्रेच्या फरकाने केवढी भांडणं टळतात, हे आपल्या भाषावार प्रांतरचनेच्या काळात लोकांना उगीच नाही कळलं.

पण सगळ्यांत मोठी करामत नावाची. 'वेताळ'! ज्याने कोणी हे नाव निवडलं त्याला मी मनातल्या मनात कधीच एक पुरस्कार देऊन टाकला आहे. आता पाहा. वेताळ म्हटलं की मराठी माणसाला विक्रमाच्या पाठीवरचं ते बडबडं प्रेत आठवतं. पण कोकणात आणि गोव्यात वेताळ हा ग्रामदेव आहे. वेंगुर्ले तालुक्यात आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. या देवाला भक्त केळ्यांचे घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. का, तर तो रात्री गावाची राखण करत हिंडतो आणि हिंडून हिंडून त्याच्या चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. तिकडे अमेरिकेत फॉक लिहितो की हे भूत चालतं. इकडे आमच्या आजोळच्या माणसांनी त्या चालण्याचा चपलांचा खर्चसुद्धा शेकडो वर्षं सोसलेला! भाषांतर म्हणजे शब्दाला शब्द नव्हे, देवाला देव, हे मला भाषांतरावरच्या जाड ग्रंथांनी नव्हे, तर त्या पातळ पुस्तकाने शिकवलं.

आता वाचनाचा भाग. वर्तमानपत्रातली मालिका रोज तीन-चार चौकटींची. पहिल्या चौकटीत कालचं सांगायचं, मधल्या चौकटींत थोडं पुढे सरकायचं आणि शेवटच्या चौकटीत कोणाच्या तरी पाठीवर पिस्तूल रोखून थांबायचं. रोज एक पट्टी वाचणाऱ्याला हे बरं पडतं. पण या पट्ट्या जोडून जेव्हा पुस्तक होतं तेव्हा तीच माणसं एकमेकांना तीच बातमी पुन्हापुन्हा सांगताना दिसतात. शिवाय जवळजवळ प्रत्येक कथेच्या आरंभी, उशिरा आलेल्या मंडळींसाठी, ते जहाज, तो किनारा आणि ती कवटीवरची शपथ आहेच. माझे एक विद्वान स्नेही याला पुनरुक्तिदोष म्हणतात. मी त्यांना कीर्तनाला घेऊन जाणार आहे. बुवा पूर्वरंगात काय दर वेळी नवा अभंग रचतात? तोच अभंग, तीच चाल. ऐकणाऱ्याला माहीत असतं म्हणूनच तो मान डोलावतो. ती शपथ आली की आम्ही मनातल्या मनात टाळ धरायचो. स्वतः फॉक नाटकवाला होता. नाटकं लिहायचा, बसवायचा, थिएटरं चालवायचा. प्रेक्षक उशिरा येतात, हे ज्ञान त्याला ग्रंथांतून मिळालेलं नसणार.

चित्रकारांविषयी मात्र आमच्यात तट होते, आणि आजही आहेत. पहिला रे मूर. त्याच्या चित्रांत नेहमी रात्र. वेताळ अर्धा अंधारात आणि उरलेला अर्धा धुक्यात. नंतर विल्सन मकॉय. याची माणसं जरा ठोकळेबाज, भातुकलीतल्या बाहुल्यांसारखी. खलनायकाला ठोसा बसला तरी तो व्यवस्थित घडी होऊन पडतो. मग १९६१ साली आला साय बॅरी, आणि तो १९९४ पर्यंत राहिला. बॅरीचा वेताळ म्हणजे तालमीत कमावलेलं शरीर, रेखीव जबडा, स्वच्छ रेषा. त्याच्या विमानाला पंखे जिथल्या तिथे असतात. इंद्रजालवर वाढलेल्या बहुतेकांचा वेताळ हा बॅरीचा. मीही त्याच पंथाचा. परंतु वय वाढलं तसं एक जाणवतं. बॅरीचा वेताळ बलवान आहे, पण मूरचा वेताळ खरोखर भूत वाटतो. अंगावर जांभळा रंग लेवून जंगलात लपणं ही गोष्ट फक्त मूरच्या अंधारातच शक्य आहे. (हा जांभळा रंगही बिचाऱ्या फॉकच्या मनातला नव्हे. त्याच्या डोळ्यांपुढे करडा होता. १९३९ मध्ये रविवारची रंगीत पुरवणी निघाली आणि छापखान्यातून वेताळ जांभळा बाहेर आला. स्वीडनमध्ये तो निळा आहे, इटलीत आणि ब्राझीलमध्ये लाल. मुलीच्या लग्नात साडीच्या रंगाबद्दल जेवढे मतभेद होतात तेवढेच.)

कथांचं म्हणाल तर सगळ्याच काही उत्तम नाहीत. खलनायक बरेचसे एकाच कारखान्यातले. दाढी वाढलेली, सिगरेट लोंबकळती, आणि कवटीच्या अंगठीचा ठसा उमटवायला सोयीचा असा रुंद जबडा. गुंता वाढत वाढत जातो आणि शेवटी गुद्द्याने सुटतो. जंगलातल्या जुन्या म्हणी तर लेखकाला अडचण आली की उगवतात. आमच्या आजीलाही प्रत्येक प्रसंगाला म्हण सापडायची, पण ती निदान स्वयंपाकही करायची.

तरीसुद्धा काही जागा अशा आहेत की त्यांवर जीव टाकावा. उदाहरणार्थ, जंगल गस्ती दल. या दलाचा सर्वोच्च अधिकारी कोण, हे दलातल्या कोणालाच ठाऊक नाही. कर्नलने अहवाल तिजोरीत ठेवायचा. तिजोरीचा तळ दुहेरी. खालून एक भुयार जुन्या विहिरीकडे जातं. रात्री साहेब तिथून येऊन कागद पाहतात आणि हुकूम ठेवून जातात. साहेब वर्षानुवर्षं दिसत नाहीत, हा भाग आपल्याकडच्या कुठल्याही कचेरीत पटण्यासारखा आहे. अद्भुत आहे तो पुढचा भाग : दुसऱ्या दिवशी सकाळी कागदावर निकाल झालेला असतो!

किंवा तो दूध पिण्याचा प्रसंग. वेताळ शहरात जातो तेव्हा अंगावर ओव्हरकोट, डोक्याला हॅट, काळा चष्मा आणि नाव मिस्टर वॉकर. गुंडांनी भरलेल्या गुत्त्यात शिरून तो शांतपणे दूध मागतो. लोक हसतात. जे हसतात ते पुढच्या चौकटीत टेबलाखाली असतात. माझ्या माहितीत मराठी मध्यमवर्गीय घरात उजळ माथ्याने ठेवता येईल असा गुत्त्यातला नायक हा एवढाच.

आणि ते लग्न! डायना पामर पहिल्याच कथेत १९३६ साली आली. लग्न झालं १९७७ च्या डिसेंबरात. एक्केचाळीस वर्षं! मध्यंतरी मुलीच्या आईचा विरोध. तिचंही काय चुकलं? जावई काय करतो म्हणून कोणी विचारलं तर सांगायचं काय, गुहेत राहतो, तोंड दाखवत नाही आणि पगार नाही? लग्नाला मँड्रेक जादूगार जातीने हजर होता. १९७९ मध्ये जुळी झाली, किट आणि हेलोइज. त्या बातमीने आमच्यात फूट पडली. एक गट म्हणे, संसार लागला, आता मालिकेत राम राहिला नाही. मला मात्र त्याच वेळी खरी ओढ लागली. कारण ज्या कथेचा कणाच वारसा आहे तिच्यात नायकाला त्रेचाळीस वर्षं मूलच नसणं ही सर्वांत मोठी टांगती तलवार होती. पिस्तुलवाले गुंड त्या मानाने काहीच नव्हते.

इथे मला जो मुद्दा सांगायचा आहे तो येतो. त्यासाठी थोडं गणित करावं लागेल. घाबरू नका, भागाकार आहे. १५३६ ते १९३६ ही झाली चारशे वर्षं. तेवढ्या काळात वीस वेताळ होऊन गेले. म्हणजे प्रत्येकी सरासरी वीस वर्षं. जोखमीचं काम, हे प्रमाण योग्यच आहे. एकविसावा हजर झाला १९३६ साली. सरासरीने त्याने १९५६ च्या सुमाराला मुलाच्या हाती अंगठ्या देऊन तळघरात बापाशेजारी विश्रांती घ्यायला हवी होती. तो अजून कामावर आहे! जवळजवळ नव्वद वर्षं झाली, केस पिकलेला नाही.

म्हणजे काय झालं, पाहा. फॉकने गोष्ट रचली की, हा अमर आहे अशी लोकांची समजूत आहे, पण ती खोटी आहे. आणि वाचकांनी त्याच्यावर इतका जीव लावला की त्याला मारायची छाती कोणाला झाली नाही. जंगलातली अफवा खरी ठरली. मरणारा माणूस हीच ज्याची थोरवी, तो आमच्या प्रेमापायी मरेनासा झाला. ही मालिकेची मोठी उणीव आहे, असं मी चाहता असूनही म्हणतो. बाविसावा गादीवर बसेल तेव्हाच ती शपथ खरी होईल. तोवर ती नुसती पूर्वरंगात म्हणायची.

मग मरण आणि वारसा गेले कुठे? ते चौकटीच्या बाहेर आले. मकॉय १९६१ मध्ये वारला, बॅरीने ब्रश उचलला. १९९४ नंतर आणखी हात बदलले. खुद्द फॉक त्रेसष्ट वर्षं लिहून मार्च १९९९ मध्ये गेला आणि त्याच्यामागे टोनी डिपॉलने लेखणी धरली. पॉल रायन २०१६ साली रेखाटता रेखाटताच गेला. त्याची जागा माइक मॅन्लीने घेतली. आत वेताळ एकच, बाहेर कागदावर वाकलेली माणसं बदलत राहिली, आणि सकाळी पेपर उघडणाऱ्याला वाटत राहिलं की हे सगळं त्याच एका हाताचं आहे. फॉकने कल्पिलेली गादी खरोखर चालवली ती या मंडळींनी.

आता माझ्या विद्वान स्नेह्यांचा आक्षेप. ते म्हणतात, "अहो, हा गोरा मनुष्य काळ्या लोकांच्या जंगलात सिंहासनावर बसतो. त्यांना चारशे वर्षं फसवतो आणि वर त्यांचा रक्षणकर्ता म्हणवतो. तुम्हांला यात काही खटकत नाही? आपल्याकडेही दीडशे वर्षं असेच रक्षणकर्ते येऊन बसले होते."

खटकतं. का खटकू नये? लहानपणी वाचलेलं जे जे आवडलं ते ते निर्दोष, असं मानायला मी काही त्याचा वकील नव्हे. सुरुवातीच्या कथांतले वनवासी ज्या तऱ्हेने रंगवले आहेत ते आज पोराच्या हातात देताना मधे दोन शब्द बोलावे लागतात. फॉकलाही काळाची चाहूल लागली असावी. साठीच्या दशकात आफ्रिकेतले देश स्वतंत्र होऊ लागले तसा वेताळाचा देशही स्वतंत्र झाला. तिथे लुआगा नावाचे डॉक्टर निवडणूक जिंकून अध्यक्ष झाले आणि त्यांना उलथवायला निघालेल्या जनरलविरुद्ध वेताळ उभा राहिला. गस्ती दलातही गोऱ्या कर्नलच्या खुर्चीत पुढे वोरुबू आला. एवढं झालं. सिंहासन मात्र जागचं हललं नाही.

पण दुसरी बाजूही गमतीची आहे. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागातल्या लढवय्या जमातींनी आपल्या लाकडी ढालींवर वेताळाचं चित्र रंगवलं. त्या ढाली आज वस्तुसंग्रहालयांत आहेत. ज्याला मारता येत नाही असा माणूस ढालीवर असलेला बरा, हा त्यांचा साधा हिशोब. मुखवट्याखाली गोरा आहे की कसा, हे विचारायला ते थांबले नाहीत. मुखवटा त्यांनी आपलासा करून टाकला, आपण वेतोबाच्या नावाने केला तसा. मालकाने कितीही मालकी सांगितली तरी गोष्ट अखेर वाचणाऱ्याच्या घरी राहायला जाते.

आणि 'फसवतो' म्हणाल तर कोणाला? बांदारांना नव्हे. ही गोष्ट माझ्या स्नेह्यांच्या नजरेतून निसटली. हा माणूस मरतो, याच्या जागी मुलगा येतो, हे बांदारांना पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. पहिल्याला किनाऱ्यावरून उचलून आणलं त्यांनी. गुहा दाखवली त्यांनी. वेताळ जखमी होऊन घोड्याच्या पाठीवरून आला की पाला वाटून लावतात ते. त्याला पुरतात ते, आणि त्याचं पोर शिकायला परदेशी जाऊन परत येईपर्यंत गुहेच्या तोंडाशी विषारी बाण घेऊन बसतात तेही तेच. सतराव्या वेताळाच्या वेळी तो आजारी पडला आणि त्याची बहीण ज्यूली तो वेष घालून गल्ल्यावर बसली, तेव्हाही जंगलात कुठे बोभाटा झाला नाही. चारशे वर्षांत एकाही बांदाराच्या तोंडून गुपित फुटलं नाही. आमच्या वाड्यात कोणाच्या घरी श्रीखंड केलं हे पंगत बसण्याआधी तिन्ही मजल्यांवर कळायचं. त्या पार्श्वभूमीवर हा पराक्रम मला कुठल्याही गुद्द्यापेक्षा मोठा वाटतो.

वेताळाचं एकमेव भांडवल अफवा, हे एकदा मान्य केलं की पुढचंही मान्य करावं लागतं : ते भांडवल बांदारांनी सांभाळलेलं आहे. गादीवर बसणारा बदलत गेला, गादी झटकणारे तेच. मालिकेचा नायक, माझ्या मते, गुर्रन आहे. बांदारांचा मुख्य, वेताळाचा बालमित्र, गवताच्या टोपीतला तो ठेंगणा माणूस. कथेत तो जेमतेम सहा चौकटींत येतो, दोन वाक्यं बोलतो आणि बाजूला उभा राहतो. लेखकांना त्याचं मोल पूर्णपणे कधी कळलं, असं मला वाटत नाही.

इंद्रजाल १९९० मध्ये बंद पडलं. आठशेच्या आसपास अंक निघाले होते. वेताळ त्यामुळे थांबला नाही. १९९६ साली त्याच्यावर इंग्रजी चित्रपट आला, पण अंकाच्या पानाची सर त्याला नव्हती. ऑस्ट्रेलियात १९४८ पासून आणि स्वीडनमध्ये १९५० पासून त्याची पुस्तकं निघत आली. डिपॉलने तर मोठंच धाडस केलं. त्याने मुलांना वाढू दिलं. किटला हिमालयात शिकायला धाडलं, हेलोइजला न्यूयॉर्कच्या शाळेत घातलं, आणि मॉझ नावाच्या म्हाताऱ्या द्रष्ट्याच्या तोंडून वेताळाच्या मृत्यूचं भाकीतसुद्धा वदवलं. गादीचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. मला विचाराल तर पोरगी हुशार आहे आणि ज्यूलीआत्याचा दाखलाही आहे. पण मला कोण विचारतो? गिऱ्हाइकाने दुकानाच्या वारसाहक्कात पडू नये.

माझी मागणी वेगळीच आहे. कवटीच्या गुहेत एक खोली जाडजूड चोपड्यांनी भरलेली आहे. प्रत्येक वेताळ आपले पराक्रम स्वतःच्या हाताने तिथे लिहून ठेवतो. म्हणजे चारशे वर्षांचा सगळा इतिहास मालकांच्या अक्षरात. गुर्रनच्या बाजूची वही तिथे नाही. खरं म्हणजे कोणत्या वेताळाला रात्री झोप लागत नसे, कोणाचा हात पहिल्या लढाईत कापत होता, कोणी गादी नको म्हणून रडला आणि मग त्याची समजूत कोणी काढली, हे सगळं त्या ठेंगण्या लोकांनाच माहीत असणार. ती बांदारांची बखर कोणीतरी लिहावी. ती निघाली तर पहिली वर्गणी माझी. आगाऊ भरतो, पावतीही नको.